स्वादुपिंड स्वतःला का पचवत नाही?

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर फ्रिजच्या दारात इन्सुलिनचे पेन किंवा कुपी हमखास सापडते. तापाला गोळी, रक्तदाबाला गोळी, मग इन्सुलिनलाच सुई का, हा प्रश्न त्या घरातल्या पोरांनाही पडतो. उत्तर सोपे आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळले तर डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनांसारखेच तेही पचून जाते आणि रक्तात पोचायला काही शिल्लक उरत नाही.

खरे कोडे याच्या पुढे आहे. आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारे बहुतेक पाचकरस स्वादुपिंडातून येतात. आणि इन्सुलिन तयार होते तेही स्वादुपिंडातच. म्हणजे एकाच अवयवात एक पेशी इन्सुलिन तयार करते आणि तिच्यापासून केसभर अंतरावरची दुसरी पेशी इन्सुलिनचा फडशा पाडू शकेल असा रस तयार करते. त्याहून नवल असे की, हा रस मटणाचे तुकडे विरघळवतो आणि स्वादुपिंडही शेवटी प्रथिने व चरबी यांचेच बनलेले आहे. मग हा रस त्यालाच कसा खात नाही?

याचे उत्तर स्वादुपिंडाच्या रचनेत आहे. कोणती पेशी कुठे बसली आहे, तिचे तोंड कोणीकडे आहे, तिचा माल कोणत्या वाटेने बाहेर जातो, यावर सारे अवलंबून असते. ही रचना समजली की स्वादुपिंडाचे बहुतेक आजारही आपोआप उलगडतात.

जठराच्या मागे, कण्याच्या पुढे

स्वादुपिंड, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले पॅन्क्रियाज, पोटाच्या वरच्या भागात आडवे पसरलेले असते. लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, वजन ७० ते १०० ग्रॅम. रंग पिवळसर गुलाबी, पृष्ठभाग उंचसखल आणि स्पर्श इतका मऊ की शस्त्रक्रियेत त्याला घातलेला टाका कापत जाण्याची शल्यविशारदांना धास्ती असते. पुढच्या बाजूला जठर, मागच्या बाजूला महाधमनी, महाशिरा आणि पाठीचा कणा. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यावरून ते आडवे गेलेले असते. पोटातल्या आतड्यांची बरीच वेटोळी सैल आणि हलती असतात. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग मात्र पोटाच्या आतल्या पातळ आवरणाच्या मागे, पाठीच्या भिंतीला धरून पक्का बसलेला असतो.

या जागेचे परिणाम आपल्या अनुभवात येतात. पहिला सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दिसतो. यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा यांची मापे व्यवस्थित लिहिलेली असतात आणि स्वादुपिंडापुढे शेरा असतो की, वायूमुळे नीट दिसले नाही. जठर आणि मोठे आतडे पुढे आडवे आलेले असतात, त्यांच्यात हवा असते आणि सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेच्या पलीकडे जात नाहीत. म्हणून शंका असेल तर सीटी स्कॅन करावा लागतो.

दुसरा परिणाम दुखण्यात दिसतो. स्वादुपिंडाला सूज आली की वेदना पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन थेट पाठीत जाते. रुग्णाला उताणे झोपवत नाही आणि पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. तिसरा परिणाम लहान मुलांच्या अपघातांत दिसतो. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात घुसले तर मऊ स्वादुपिंड पुढून हँडल आणि मागून मणका यांच्यात चेपले जाते. वरून फक्त छोटा काळा-निळा डाग दिसतो, आत मात्र अवयव फाटलेला असू शकतो.

डोके, मान, धड, शेपूट

शरीरशास्त्रात स्वादुपिंडाचे चार भाग करतात. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोके. जठरातून निघालेले लहान आतडे सुरुवातीला एक अर्धवर्तुळाकार वळण घेते. आतड्याच्या या पहिल्या भागाला आद्यांत्र म्हणतात. स्वादुपिंडाचे डोके या वळणाच्या कुशीत घट्ट बसलेले असते. डोक्याच्या खालच्या बाजूने एक आकडा निघून आतड्यांना रक्त देणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मागे वळतो. डोक्यानंतर अरुंद मान, मग लांबट धड आणि शेवटी डावीकडे वर चढत जाणारी शेपूट. शेपटीचे टोक प्लीहेला भिडते. म्हणून प्लीहा काढण्याच्या शस्त्रक्रियेत या टोकाला इजा होऊ नये याची काळजी घ्यावी लागते.

डोक्याचा शेजार सर्वांत गुंतागुंतीचा. यकृतातून पित्त आणणारी नळी या डोक्याच्या मागच्या बाजूने, बऱ्याचदा त्याच्या आतूनच, आतड्याकडे जाते. डोक्यात गाठ झाली की ही नळी दाबली जाते, पित्त तुंबते आणि डोळे पिवळे होतात. पोटात न दुखता हळूहळू वाढणारी कावीळ आणि जोडीला घटणारे वजन हे म्हणूनच गंभीर लक्षण मानतात. हीच गाठ धडात किंवा शेपटीत असेल तर तिच्या वाटेत पित्तनलिका येत नाही, कावीळ होत नाही आणि गाठ बरीच वाढेपर्यंत सुगावा लागत नाही. मार्च २०१९ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा हा अवयव मराठी आणि कोकणी घराघरांतल्या बोलण्यात आला. हा कर्करोग उशिरा सापडतो, त्यामागे अवयवाच्या अडचणीच्या जागेचा मोठा वाटा आहे.

डोक्यातली गाठ काढायची तर त्याबरोबर आद्यांत्रही काढावे लागते, कारण दोघांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या एकच आहेत. एक ठेवून दुसरे काढता येत नाही. अमेरिकन शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांत गणली जाते.

मानेच्या मागे आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडते. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून आलेल्या शिरा तिथे एकत्र येऊन यकृताकडे जाणारी मोठी शिरा तयार होते. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. स्वादुपिंडाचे रक्तही तिच्यातच जाते. इन्सुलिनच्या गोष्टीत ही शिरा पुन्हा येणार आहे.

दोन कोंब, दोन नळ्या

गर्भात स्वादुपिंड एक नसते, दोन असतात. आतड्याच्या मागच्या बाजूला एक मोठा कोंब फुटतो आणि पुढच्या बाजूला एक छोटा. पाचव्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास आतडे वळते, त्याबरोबर छोटा कोंब मागे फिरून मोठ्याच्या खाली येतो आणि दोन्ही जुळतात. छोट्या कोंबापासून डोक्याचा खालचा-मागचा भाग आणि तो आकडा बनतो. बाकी सर्व मोठ्या कोंबाचे.

दोन्ही कोंबांना आपापली नळी असते. जुळणी झाल्यावर मोठ्या कोंबाच्या नळीचा शेपटीकडचा भाग आणि छोट्या कोंबाची नळी मिळून मुख्य नळी तयार होते. ती शेपटीपासून डोक्यापर्यंत सगळ्या पिंडातून जाते आणि पित्तनलिकेबरोबर आद्यांत्रात उघडते. दोन्हींचे तोंड बहुतेकांत एकच असते आणि त्याभोवती स्नायूंचे कडे असते. मोठ्या कोंबाच्या नळीचा उरलेला तुकडा बऱ्याच जणांत दुय्यम नळी म्हणून थोडा वर, वेगळ्या तोंडाने उघडतो.

मुख्य नळी सापडली ती १६४२ मध्ये, इटलीतल्या पादुआ शहरात. योहान गेओर्ग विर्सुंग हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराचे शवविच्छेदन करत होता. नळी दिसली, पण तिचे काम कळेना. त्याने तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले, छापले आणि युरोपातल्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवून मत विचारले. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. नळीला मात्र विर्सुंगची नळी हे नाव कायमचे मिळाले.

सुमारे ५ ते १० टक्के लोकांत दोन्ही कोंबांच्या नळ्या जुळतच नाहीत. मग पिंडाचा बहुतेक रस छोट्या, दुय्यम तोंडाने बाहेर पडतो. यातल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये ही गोष्ट कळते, तेव्हा घाबरण्याचे कारण नसते.

द्राक्षाचा घड

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. स्वादुपिंडाचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवला की आधी दिसतात ते छोटे छोटे खंड, आणि खंडांमधून जाणारे जोडऊतींचे पातळ पडदे. या पडद्यांतून रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मोठ्या नळ्या जातात. संपूर्ण अवयवाला यकृतासारखे चिवट वेष्टन नसते. सूज आली की ती आसपासच्या चरबीत सहज पसरते, त्याचे हेही एक कारण.

खंडाच्या आतली मांडणी द्राक्षाच्या घडासारखी आहे. एकेक द्राक्ष म्हणजे पेशींचा एक गोल गुच्छ. त्याला शास्त्रात अ‍ॅसिनस म्हणतात. द्राक्षाचा देठ म्हणजे बारीक नळी. देठ एकमेकांना मिळत मिळत जाड होतात आणि शेवटी घडाचा मुख्य दांडा, म्हणजे विर्सुंगची नळी, बनतो. नाशिकच्या बागेतला घड आणि हा घड यांत एक फरक आहे. द्राक्षात रस मधोमध साठून असतो. इथे रस द्राक्षाच्या सालीत, म्हणजे भिंतीच्या पेशींत, तयार होतो आणि मधली जागा फक्त वाट असते.

भिंतीतली प्रत्येक पेशी त्रिकोणी असते. रुंद तळ बाहेर रक्तवाहिन्यांकडे, निमुळते टोक आत वाटेकडे. नेहमीच्या रंगद्रव्यांत तळ जांभळट-निळा दिसतो, कारण तिथे प्रथिने तयार करणारी यंत्रणा खच्चून भरलेली असते. टोक गुलाबी दिसते, कारण तिथे तयार पाचक प्रथिनांचे कण साठवलेले असतात. एकाच पेशीत उत्पादन एका बाजूला आणि साठा दुसऱ्या बाजूला, असा हा स्पष्ट दिसणारा दुरंगी नमुना आहे.

या पेशी प्रथिने इतक्या वेगाने तयार करतात की, कोणत्याही पेशीत प्रथिन कसे बनते आणि कसे बाहेर जाते, हे शोधायला शास्त्रज्ञांनी त्यांनाच निवडले. जॉर्ज पॅलेड यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडात किरणोत्सारी खूण लावलेल्या घटकांचा माग काढला. प्रथिन तळाशी बनते, मधल्या भागात आवरणात भरले जाते आणि टोकाकडून बाहेर सोडले जाते, हा प्रवास त्यांनी दाखवून दिला. १९७४ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

या पेशींतून निघणाऱ्या पाचक प्रथिनांना विकरे म्हणतात. अमायलेज हे विकर भाकरी-भातातला स्टार्च तोडते. लायपेज तेल-तूप तोडते. ट्रिप्सिन आणि त्याच्या भावंडांचे काम प्रथिने तोडण्याचे. आपल्या कोड्यातले खरे संशयित म्हणजे ट्रिप्सिन.

सोडा तयार करणाऱ्या नळ्या

देठाच्या, म्हणजे नळ्यांच्या, पेशी नुसत्या वाहतुकीसाठी नाहीत. त्या पाणी आणि बायकार्बोनेट हा क्षार सोडतात. आपल्या खाण्याच्या सोड्यातला आम्लता मारणारा भाग तोच. रसातले त्याचे प्रमाण रक्तापेक्षा पाचपटीपर्यंत जाते. स्वादुपिंडात एक गंमत दिसते. देठाच्या काही फिकट पेशी द्राक्षाच्या आत मधोमध शिरलेल्या असतात. अशा पेशी लाळग्रंथींत दिसत नाहीत. काचपट्टीवरचा काप स्वादुपिंडाचा की गालातल्या लाळग्रंथीचा, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ओळखायची ही एक खूण आहे.

हा सोडा हवा कशाला? जठरातून आलेला घास आम्लाने भरलेला असतो. स्वादुपिंडाची विकरे आम्लात काम करत नाहीत. म्हणून आधी आम्ल मारावे लागते. त्यासाठी संदेश कसा जातो, हे विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडनमध्ये शोधले. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या सर्व नसा तोडल्या आणि त्यात आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. संदेश नसांतून जात नव्हता, म्हणजे रक्तातूनच जात असला पाहिजे. त्या रक्तातल्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रसायनांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला.

या नळ्यांतून पातळ रस वाहता राहणे फार गरजेचे आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात क्षार आणि पाणी सोडणारे दार बिघडलेले असते. रस घट्ट होऊन नळ्या तुंबतात आणि मागचे गुच्छ नष्ट होतात. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले ते बालकांच्या स्वादुपिंडातल्या बदलांवरूनच.

सगळे मिळून दिवसाला दीड लिटरच्या आसपास रस बाहेर पडतो. शंभर ग्रॅमच्याही आतला अवयव स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून अधिक रस रोज देतो.

रसाला घातलेली कुलपे

आता कोड्याचा पहिला अर्धा भाग. इतका तिखट रस पिंडाला का खात नाही?

पहिले कुलूप असे की, ट्रिप्सिन हे ट्रिप्सिन म्हणून तयारच होत नाही. त्याला एक जास्तीची शेपटी जोडलेली असते आणि ती असेपर्यंत ते निष्क्रिय राहते. या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. ही शेपटी कापणारे विकर स्वादुपिंडात नसते. ते आद्यांत्राच्या अस्तरावर असते. म्हणजे कुलूप एका घरात आणि किल्ली दुसऱ्या घरात. रस आतड्यात पोचला की थोडे ट्रिप्सिन जागे होते आणि मग ते बाकीच्या ट्रिप्सिनोजेनला आणि इतर निष्क्रिय विकरांना भराभर जागे करते.

दुसरे कुलूप म्हणजे आवरण. तयार विकरे पेशीत मोकळी फिरत नाहीत. ती पातळ पडद्याच्या कणांत बंद असतात आणि टोकाकडून थेट वाटेत सोडली जातात. शेजारच्या पेशी टोकाजवळ एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, त्यामुळे रस भिंतीतून झिरपून मागे येत नाही.

तिसरे कुलूप चुकून जागे झालेल्या ट्रिप्सिनसाठी. प्रत्येक कणात विकरांबरोबर एक छोटे प्रथिनही भरलेले असते. ते ट्रिप्सिनला पकडून निकामी करते. त्यातूनही सुटलेले ट्रिप्सिन स्वतःलाच एका ठरावीक जागी कापून संपवते. हे कुलूप किती महत्त्वाचे आहे, ते १९९६ मध्ये कळले. काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या लहान वयात स्वादुपिंडाला वारंवार सूज येत होती. त्यांच्या ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. तो फरक नेमका कापण्याच्या जागी होता, म्हणून जागे झालेले ट्रिप्सिन मरत नव्हते. केरळ आणि दक्षिण भारताच्या इतर भागांत तरुण वयात स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह होणारा एक आजार दिसतो. त्याच्या बऱ्याच रुग्णांत ट्रिप्सिनला पकडणाऱ्या छोट्या प्रथिनाच्या जनुकात दोष आढळला आहे.

अमायलेज आणि लायपेज मात्र तयार अवस्थेतच बाहेर पडतात. पेशीत स्टार्च नसतो आणि चरबीचे थेंबही फारसे नसतात, त्यामुळे त्यांचा धोका कमी असतो.

कुलपे तुटतात तेव्हा

पित्ताशयातला छोटा खडा घरंगळत येऊन दोन्ही नळ्यांच्या सामाईक तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या यूजीन ओपी यांनी १९०१ मध्ये शवविच्छेदनात असा अडकलेला खडा दाखवून दिला. अति मद्यपान हे दुसरे मोठे कारण. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी खूप वाढणे हे तिसरे. कारण कोणतेही असो, ट्रिप्सिन आतच जागे होते आणि पिंड स्वतःला पचवू लागते. यालाच तीव्र स्वादुपिंडदाह किंवा अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात.

भिंती फुटल्या की जी विकरे नळीत जायची ती रक्तात येतात. म्हणूनच पोटात भयंकर दुखणाऱ्या रुग्णाच्या रक्तात लायपेज किंवा अमायलेज तपासतात. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक असेल तर निदान जवळपास पक्के होते. सुटलेले लायपेज पोटातली चरबी तोडते. त्यातून निघालेली आम्ले रक्तातले कॅल्शियम धरतात आणि चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके उमटतात. गंभीर रुग्णांत रक्तातले कॅल्शियम उतरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

सूज वारंवार येत राहिली तर पेशींच्या जागी तंतूंचा व्रण तयार होतो. तरी या अवयवाची शिल्लक मोठी आहे. विकरांचे उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घटल्यावरच चरबी न पचता शौचावाटे तेलकट बाहेर पडू लागते.

लँगरहान्सची बेटे

आता कोड्याचा दुसरा भाग. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये २१ वर्षांचा पॉल लँगरहान्स पदवीच्या प्रबंधासाठी सशाचे स्वादुपिंड तपासत होता. गुच्छांच्या गर्दीत त्याला फिकट, कण नसलेल्या छोट्या पेशींचे पुंजके दिसले. ते कुठल्याच नळीला जोडलेले नव्हते. त्याने त्यांचे नेमके वर्णन केले आणि त्यांचे काम आपल्याला ठाऊक नाही असे स्पष्ट लिहिले. १८९३ मध्ये फ्रान्सच्या एदुआर लागेस यांनी त्यांना लँगरहान्सची बेटे हे नाव दिले.

दरम्यान, १८८९ मध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि कुत्र्याला मधुमेह झाला. १९०१ मध्ये ओपी यांनी मधुमेही रुग्णांची बेटेच खराब झालेली दाखवली. पित्ताचा अडकलेला खडा आणि बिघडलेली बेटे, स्वादुपिंडाचे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हाती एकाच वर्षी लागले.

माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख बेटे असतात. तरी सगळी मिळून पिंडाचा एक ते दोन टक्केच भाग भरतात. एकेक बेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. शेपटीकडे त्यांची दाटी जास्त. त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी बीटा पेशी असतात आणि त्या इन्सुलिन देतात. अल्फा पेशी ग्लुकागॉन देतात. ते यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणते, म्हणजे इन्सुलिनच्या उलट काम करते. डेल्टा पेशींचे सोमॅटोस्टॅटिन दोघांना आवर घालते. उंदरात बीटा पेशी मधोमध आणि बाकीच्या कडेला असतात. माणसात मात्र सगळ्या मिसळून बसलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे एकमेकींवर सतत लक्ष असते.

इन्सुलिन रक्तात, रस नळीत

शेजारच्या गुच्छापासून बेटाला वेगळे करणारी भिंत अगदी नाममात्र असते. मग इन्सुलिन वाचते कसे? दिशेमुळे. गुच्छातली पेशी आपला माल निमुळत्या टोकाकडून नळीत सोडते. बीटा पेशीला नळीच नसते. ती केशवाहिनीला टेकून बसते आणि इन्सुलिन थेट रक्तात सोडते. बेटांतल्या केशवाहिन्या छिद्रांच्या असतात आणि तिथे रक्तही भरपूर येते. पिंडाचा एक-दोन टक्के भाग असलेली बेटे पिंडाच्या एकूण रक्ताचा १० ते १५ टक्के वाटा घेतात. दोन्ही मालांच्या वाटा सुरुवातीपासूनच वेगळ्या, त्यामुळे निरोगी पिंडात इन्सुलिनची आणि जाग्या ट्रिप्सिनची गाठ पडतच नाही.

रक्तात गेलेले इन्सुलिन मानेमागच्या त्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात पोचते. साखरेच्या साठ्याचा हिशेब यकृत ठेवते, म्हणून पहिला निरोप त्यालाच. जवळपास निम्मे इन्सुलिन तिथेच वापरले जाते, उरलेले शरीरभर जाते. सुईने कातडीखाली घेतलेले इन्सुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरते आणि यकृताला इतरांबरोबरच मिळते.

टोरांटोत १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग यांची कल्पना याच शेजारावर उभी होती. पिंडाचा अर्क काढताना पाचकरस इन्सुलिन नष्ट करतो, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या नळ्या बांधल्या. रस तुंबून गुच्छ वाळले, बेटे टिकली. पण पुढे त्यांना दिसले की, गाईबैलांच्या आख्ख्या पिंडापासून अल्कोहोल वापरून अर्क काढला तरी इन्सुलिन मिळते. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला त्याचा गुण आला. ताज्या पिंडातले ट्रिप्सिन बहुतेक झोपलेलेच असते, हे लक्षात घेतले की नळ्या न बांधताही काम का झाले ते कळते.

एक अवयव, दोन कर्करोग

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची बातमी आली की पहिला प्रश्न विचारावा तो हा की, गाठ कोणत्या ऊतीतली आहे? दहातल्या साधारण नऊ गाठी नळ्यांच्या अस्तराच्या प्रकारातल्या असतात आणि त्या वेगाने पसरतात. बेटांसारख्या पेशींच्या गाठी वेगळ्या, बऱ्याचदा संथ. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांची गाठ या दुसऱ्या प्रकारची होती. २००३ मध्ये निदान झाल्यावर ते आठ वर्षे जगले. नावाला दोन्ही स्वादुपिंडाचेच कर्करोग, पण एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

चौकट: थोडक्यात

- जागा: जठरामागे, कण्यापुढे. म्हणून सोनोग्राफीत अवघड आणि दुखणे पाठीत जाणारे.
- भाग: डोके आद्यांत्राच्या वळणात, शेपूट प्लीहेपाशी. डोक्यातली गाठ पित्त अडवून कावीळ करते.
- गुच्छ: पिंडाचा बहुतांश भाग. पाचक विकरे तयार करतात आणि नळीत सोडतात.
- नळ्या: पाणी आणि बायकार्बोनेट देऊन रस वाहता ठेवतात.
- बेटे: पिंडाचा एक ते दोन टक्के भाग. इन्सुलिन आणि ग्लुकागॉन रक्तात सोडतात.
- बचाव: ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात बनते, आवरणात राहते आणि आतड्यात पोचल्यावरच जागे होते.

वाचकांसाठी

पोटाच्या वरच्या भागात अचानक सुरू झालेली, तासन् तास न थांबणारी, पाठीत जाणारी वेदना आणि सोबत उलट्या असतील, तर अ‍ॅसिडिटी समजून घरी गोळ्या घेत बसू नका, रुग्णालयात जा. पित्ताशयात खडे असल्याचे रिपोर्टमध्ये आले असेल तर त्यांचे काय करायचे, हे शल्यविशारदाला एकदा जरूर विचारा. पन्नाशीनंतर घरात कुणालाच नसलेला मधुमेह अचानक निघाला आणि वजनही घटू लागले, तर साखरेच्या गोळ्यांवर न थांबता स्वादुपिंड तपासून घ्यावे का, असे डॉक्टरांना विचारा. आणि दारू व तंबाखू सोडा. या अवयवासाठी आपल्या हातात असलेले ते सर्वांत मोठे काम आहे.